एका प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं आली, तर गुण कुणाचे?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही घेतलेल्या प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीत प्रश्न होता, "दोनदा नोबेल पारितोषिक मिळवणारी व्यक्ती कोण?" तुमच्या कार्डावर उत्तर होतं मेरी क्युरी. पहिल्या संघाने जॉन बार्डीन सांगितलं. तुम्ही ते चूक ठरवलंत, प्रश्न पास होऊन पुढच्या संघाकडे गेला, त्यांनी मेरी क्युरी सांगून दहा गुण घेतले आणि शेवटी दहाच गुणांनी स्पर्धा जिंकली. मग बार्डीनवाल्या संघाने हरकत घेतली. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: ते गुण खरे कुणाचे होते, आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून प्रश्न कसे काढायचे.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. बार्डीन बरोबर आहे. त्यांना १९५६ साली आणि १९७२ साली, दोन्ही वेळा भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दोनदा नोबेल मिळवलेल्या व्यक्ती आजवर पाच आहेत: मेरी क्युरी, लायनस पॉलिंग, जॉन बार्डीन, फ्रेडरिक सँगर आणि बॅरी शार्पलेस. तुमच्या प्रश्नाला ही पाचही उत्तरं चालायला हवीत. प्रश्नात "व्यक्ती" हा शब्द होता ते बरं झालं, नाहीतर रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आणि संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितविषयक कार्यालय यांनाही नोबेल एकाहून जास्त वेळा मिळालेलं आहे.

आता थोडं खोलात जाऊ, कारण "माझ्या कार्डावर दुसरं उत्तर होतं" हे वाक्य मी क्विझच्या क्षेत्रात फार वेळा ऐकलंय आणि ते मला मान्य नाही. कार्ड स्पर्धकांना दिसत नसतं. त्यांच्यापर्यंत पोचतात ते फक्त तुम्ही उच्चारलेले शब्द. त्या शब्दांना जे जे उत्तर लागू पडतं ते बरोबर, मग ते तुमच्या मनात असो वा नसो. "मला ते अपेक्षित नव्हतं" हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. अपेक्षा ओळखायची स्पर्धा आपण लावलेली नसते. हे एकदा पक्कं धरलं की बहुतेक वाद जागच्या जागी मिटतात, आणि क्विझमास्टरची मानहानीही होत नाही, कारण त्याने बाजू बदललेली नसते, स्वतःचाच प्रश्न नीट वाचलेला असतो.

असे प्रश्न होतात कसे? प्रश्न काढणारा बहुधा उत्तराकडून प्रश्नाकडे जातो. मेरी क्युरीबद्दल वाचलं, दोन नोबेल आवडली, प्रश्न तयार. मग तो पडताळणी करतो, "मेरी क्युरींना दोनदा नोबेल मिळालं होतं ना?" हो, १९०३ आणि १९११. झालं काम. पण ही पडताळणी एकाच दिशेची झाली. स्पर्धक उलट्या दिशेने येतो: त्याच्या हातात प्रश्न आहे आणि त्यात बसणारं कुठलंही नाव तो शोधतोय. म्हणून दुसरी पडताळणी त्याच्या बाजूने करावी लागते: "हे वर्णन आणखी कुणाला लागू होतं का?" पहिल्या पडताळणीला एक मिनिट लागतं, दुसरीला कधीकधी अर्धा तास. माझ्या मते प्रश्न काढण्याचं खरं काम या दुसऱ्या पडताळणीतच आहे. यात एक उपाय मला खात्रीचा वाटतो: उत्तर न सांगता प्रश्न दुसऱ्या जाणकाराला द्यायचा आणि त्याला सांगायचं, "माझं उत्तर सोडून दुसरं काही बसवून दाखव."

मात्र दोन उत्तरं निघण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाला एकच औषध चालत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे माप न सांगणं. "जगातला सर्वात उंच पर्वत" म्हटलं की समुद्रसपाटीपासून ८,८४८.८६ मीटर असलेलं एव्हरेस्ट. पायथ्यापासून मोजलं तर हवाईमधला मौना किया दहा हजार मीटरच्या वर जातो, कारण त्याचा बराचसा भाग समुद्राखाली आहे. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात दूरचं टोक विचारलं तर ते इक्वाडोरमधल्या चिंबोराझोचं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे जेमतेम ६,२६३ मीटरचा हा पर्वत त्या हिशेबात एव्हरेस्टच्या पुढे जातो. मग नुसत्या "सर्वात उंच"ला तिन्ही उत्तरं मान्य करायची का? मी नाही करत. पर्वताची उंची समुद्रसपाटीपासून मोजायची हा इतका रुळलेला संकेत आहे की तो प्रश्नाचाच भाग मानायला हवा. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर उच्चारलेल्या शब्दांवर बोट ठेवलंत. हो, पण शब्दांचा अर्थ ऐकणाऱ्यांच्या सर्वसाधारण समजुतीनेच ठरतो. ती समजूत एकमुखी असेल तर माप सांगितल्यासारखंच आहे.

"सर्वात मोठं वाळवंट" या प्रश्नाची गोष्ट वेगळी. भूगोलाच्या व्याख्येत वाळवंट ठरतं ते कमी पर्जन्यावरून, वाळूवरून किंवा उन्हावरून नाही. त्या हिशेबाने सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटरचा अंटार्क्टिका पहिला. सहारा साधारण ९० लाखांवर येतो. पण कितीतरी लोक सहारा हेच उत्तर शिकलेत. इथे समजूत दुभंगलेली आहे, त्यामुळे कुठलंही एक उत्तर कापलं तरी कुणाला तरी अन्याय वाटणार. "सर्वात मोठं उष्ण वाळवंट" एवढा एक शब्द घातला की वादच उरत नाही. कार्डावर "सहारा" लिहिलेलं आहे आणि कुणी "अंटार्क्टिका" म्हटलं, तर मी गुण देईन. कार्डावर "अंटार्क्टिका" असेल आणि कुणी "सहारा" म्हटलं, तर शालेय स्पर्धेत मी प्रश्न रद्द करेन आणि मुरलेल्या क्विझर्सच्या स्पर्धेत गुण देणार नाही. समोर कोण बसलंय यावर हे अवलंबून आहे, याला सरसकट नियम नाही.

दुसरं कारण म्हणजे गाळलेलं विशेषण, आणि याबद्दल मला जरा जोरात बोलावंसं वाटतं. "एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक कुणाचं?" शंभरातले बहुतेक क्विझमास्टर उत्तर लिहितात सचिन तेंडुलकर, २४ फेब्रुवारी २०१०, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००. पण त्याआधी १२ वर्षं, डिसेंबर १९९७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने महिला विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या. प्रश्नात "पुरुषांच्या" हा शब्द नसेल तर तेंडुलकर हे उत्तर अर्धवट बरोबरही नाही, ते चूकच आहे. इथे कुणी "पण सगळ्यांना कळतंच ना" म्हणालं तर मी रुळलेल्या संकेताचा बचाव स्वीकारत नाही. पर्वत समुद्रसपाटीपासून मोजण्यात कुणाचं कर्तृत्व पुसलं जात नाही, इथे ते पुसलं जातं. ज्या संघाला क्लार्क माहीत आहे त्याने जास्त वाचलेलं आहे, आणि आपण त्यालाच शिक्षा देतो.

तिसरं कारण काळ. प्रश्न काढला तेव्हा उत्तर एकच असतं, विचारतो तेव्हा दोन झालेली असतात. तुमच्याच विषयातलं उदाहरण बघा. "रसायनशास्त्राचं नोबेल दोनदा मिळवणारी एकमेव व्यक्ती कोण?" हा प्रश्न कितीतरी वर्षं निर्दोष होता, उत्तर फ्रेडरिक सँगर, १९५८ आणि १९८०. मग २००१च्या मानकरी बॅरी शार्पलेसना २०२२ साली पुन्हा रसायनशास्त्राचंच नोबेल मिळालं आणि तो प्रश्न मोडला. शनीचे चंद्र तर मी मोजायलाच सांगत नाही: मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४वर गेला. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लिबियातल्या अल अझिझियाचा १९२२चा ५८ अंश सेल्सियसचा सर्वाधिक तापमानाचा विक्रम जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली रद्द केला आणि मान अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीच्या १९१३मधल्या ५६.७ अंशांना परत गेला, हे अनेकांच्या नजरेतून सुटतं. जुन्या पुस्तकावरून अभ्यास केलेला स्पर्धक अल अझिझिया सांगेल. त्याला मी गुण देणार नाही, पण कारण सांगेन. आणि माझ्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात माहिती तपासल्याची तारीख असते. "एकमेव", "पहिला", "सर्वाधिक" हे शब्द असलेली कार्डं स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी परत तपासतो.

चौथं कारण व्याख्येचं. खंड किती? कुठे शिकलात त्यावर सात, सहा किंवा पाच. देश किती? इथे ब्रिटनमधल्या "पॉइंटलेस" या टीव्ही कार्यक्रमाची पद्धत मला फार आवडते. तिथे देशांवरचा प्रश्न आला की आधीच सांगतात: देश म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं स्वतःच्या नावाने सदस्यत्व असलेलं सार्वभौम राष्ट्र. म्हणजे १९३. ही व्याख्या परिपूर्ण आहे असं नाही, तिच्यात व्हॅटिकन बसत नाही आणि सर्वात लहान देश मोनॅको ठरतो. पण ती प्रश्नाच्या आधी, सगळ्यांना सारखी सांगितलेली असते. व्याख्या प्रश्नाआधी सांगितली की तो नियम, उत्तर आल्यावर सांगितली की ती पळवाट. सर्वाधिक प्रमाणवेळा असलेला देश विचारताना हेच होतं: सागरापारचे प्रदेश धरले तर १२ प्रमाणवेळा असलेला फ्रान्स, न धरले तर ११ प्रमाणवेळांचा रशिया. राजधान्यांचंही तसंच. बोलिव्हियाची घटनात्मक राजधानी सुक्रे, सरकारचं ठाणं ला पाझ. दक्षिण आफ्रिकेत तर प्रिटोरिया, केपटाउन आणि ब्लूमफाँटेन अशी तिघांत वाटणी. अशा वेळी "सरकार कुठून चालतं" किंवा "संसद कुठे भरते" असं विचारायला काय हरकत आहे?

पाचव्या प्रकारात जाणकारच एकमेकांशी सहमत नसतात. सर्वात लांब नदी नाईल की अमेझॉन हे उगम कुठला धरायचा आणि मुख कुठे मानायचं यावर ठरतं, आणि ब्राझीलच्या संशोधकांनी अमेझॉनच्या बाजूने मोजमाप मांडलेलं आहे. विमानाचं श्रेय बहुतेक जग १७ डिसेंबर १९०३च्या उड्डाणासाठी राइट बंधूंना देतं, ब्राझीलमध्ये ते १९०६ साली पॅरिसमध्ये उडालेल्या सान्तोस-द्युमाँ यांना दिलं जातं. रेडिओच्या बाबतीत मार्कोनी, टेस्ला, पोपोव्ह, जगदीशचंद्र बोस अशी नावं पुढे येतात. असे प्रश्न मी एका उत्तराच्या आशेने विचारतच नाही. त्याऐवजी वादच प्रश्नात आणतो: "राइट बंधूंऐवजी ब्राझीलमध्ये कुणाला विमानाचा जनक मानतात?" उत्तर एकच, आणि ऐकणाऱ्याला नवीन काहीतरी मिळतं. कुणी तरीही साधा प्रश्न विचारून बसलाच असेल, तर ज्या उत्तरामागे गंभीर अभ्यासकांचा गट उभा आहे ते मान्य करावं.

अंकमालिकांबद्दल एवढंच सांगतो: २, ४, ८ नंतर काय? दुप्पट करत गेलात तर १६, फरक दोन-दोनने वाढवत गेलात (२, ४, ६) तर १४. तीन पदांवर मालिका विचारूच नये.

आता याची दुसरी बाजू. हरकत आली म्हणजे दरवेळी दोन उत्तरं असतातच असं नाही. कधी प्रश्न काढणाऱ्याचंच उत्तर चुकलेलं असतं. टेनिसमध्ये एक सेट जिंकायला खेळाडूला कमीत कमी किती फटके मारावे लागतील? पटकन सुचतं २४: सहा गेम, प्रत्येकी चार गुण. पण सहापैकी तीन गेममध्ये सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याची असते आणि त्याने सगळ्या सर्व्हिस चुकवल्या तर तिथे एकही फटका लागत नाही. बरोबर उत्तर १२. इथे "दोघांनाही गुण" देणं ही उदारता झाली नाही, तो बारा म्हणणाऱ्यावर अन्याय आहे. उलट कधी उत्तर एकच असतं आणि नावं दोन. कार्डावर पेले असताना कुणी एडसन आरांतेस दो नासिमेंतो म्हणालं तर त्यात विचार करण्यासारखं काही नाही, गुण द्यायचे.

मंचावर प्रत्यक्ष काय करायचं हे स्पर्धेच्या पद्धतीवर ठरतं. लेखी फेरीत काम सोपं आहे. उत्तरपत्रिका हातात असतात, दोन्ही उत्तरांना टिक करायची. पर्याय दिलेले असतील तर वादाला जागाच कमी, फक्त चारांतले दोन बरोबर नाहीत एवढं बघायचं. खरी अडचण पासच्या फेरीत होते, तुमची झाली तशी. तिथे चुकीचा निर्णय एका संघाचे गुण काढून थांबत नाही, तो पुढच्या संघाला संधीही देतो आणि इशाराही देतो. बार्डीन चूक ठरला म्हटल्यावर उरलेल्यांसाठी मेरी क्युरी आपोआप सोपी झाली. म्हणून पासच्या फेरीत कार्डाबाहेरचं पण शक्य वाटणारं उत्तर आलं की मी "चूक" म्हणण्याआधी थांबतो. माझ्या शेजारी एक जण पडताळणीसाठी बसलेला असतो. तो बघेपर्यंत प्रश्न पुढे जात नाही. अर्धं उत्तर आलं तर मी "आणखी नेमकं सांगा" एवढंच म्हणतो, चेहऱ्यावर काही दिसू न देता. आणि हरकतीची मुदत स्पर्धेच्या सुरुवातीलाच जाहीर केलेली असते: त्या फेरीचे गुण वाचून दाखवेपर्यंत. अमेरिकेतल्या "जेपर्डी" कार्यक्रमात परीक्षक चित्रीकरणादरम्यानच निर्णय पुन्हा तपासतात आणि गुण दुरुस्त करतात. चुकीच्या निर्णयाने एखाद्याचा निकाल बदलला असं नंतर लक्षात आलं तर त्या स्पर्धकाला परत खेळायला बोलावतात. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला यात कमीपणा वाटत नसेल तर आपल्याला का वाटावा?

हे सगळं वाचून प्रत्येक प्रश्नाला सहा अटी जोडायला लागू नका. अटींनी भरलेला प्रश्न वकिली नोटिशीसारखा ऐकू येतो आणि बझरवर बोट ठेवलेल्या माणसाचा उत्साह तिथेच विरतो. नेमका एक शब्द शोधायचा असतो. तुमचाच प्रश्न घ्या. "दोन वेगळ्या विज्ञानशाखांत नोबेल मिळवणारी एकमेव व्यक्ती" म्हटलं की फक्त मेरी क्युरी उरतात: भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. "भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा" म्हटलं की फक्त बार्डीन. "दोन्ही नोबेल कुणाशीही वाटून न घेता" म्हटलं की फक्त पॉलिंग, १९५४ साली रसायनशास्त्र आणि १९६२ची शांतता. किंवा अनेक उत्तरं हीच ताकद करायची: "दोनदा नोबेल मिळवलेल्या पाच व्यक्ती सांगा, प्रत्येक नावाला दोन गुण." संघ एकमेकांत कुजबुजतात, कुणाला चौथं नाव आठवतं, कुणी पाचव्यावर अडतं. एका तथ्यातून चार प्रश्न निघाले आणि एकातही वाद नाही.

राहिला तुमचा निकाल. पहिल्या संघाने त्यांच्या वेळेला बरोबर उत्तर दिलं होतं, म्हणजे प्रश्न पुढे जायलाच नको होता. त्यांचे दहा मिळवले आणि दुसऱ्यांचे दहा वजा केले तर निकाल फिरतो. हा शेवटचा प्रश्न असेल आणि हरकत तुमच्या मुदतीत आली असेल, तर निकाल फिरवणंच योग्य. दुसऱ्या संघाला समोर बसवून कारण सांगा, त्यांची काही चूक नव्हती हेही सांगा. तो प्रश्न फेरीच्या मध्यावर असेल तर गुंता वाढतो, कारण त्यानंतर कुठला प्रश्न कुणाच्या वाट्याला आला तो क्रमही त्या निर्णयावरच ठरला होता. तेव्हा प्रश्न रद्द करा, दोन्ही संघ बरोबरीत येतील, आणि टाय-ब्रेकर घ्या. ते शक्य नसेल तर संयुक्त विजेते जाहीर करा. हरकतीची मुदत तुम्ही आधी सांगितलीच नसेल, तर "उशिरा आली" म्हणून ती फेटाळण्याचा अधिकार तुम्हाला नाही. बक्षीस दिलेलं असेल तर ते परत मागू नका, पहिल्या संघासाठी दुसरं करा.